झालेल्या गोष्टींची बादली

माझ्या खोलीच्या दारावर 'आंतरराष्ट्रीय निधी संकलन प्रमुख' अशी पाटी आहे. खोली मुळात सामान ठेवण्याची. आत एक टेबल, एक संगणक, ब्रेल कागदाचे गठ्ठे आणि मी. विभागात माझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे प्रमुख होताना स्पर्धा झाली नाही.

लकडगंजला माझ्या मेव्हण्याचं प्लायवूडचं दुकान आहे. तिथे गेलो की तो गिऱ्हाइकांशी माझी ओळख करून देतो, "हे आमचे जावईबापू. इंटरनॅशनल आहेत." गिऱ्हाईक आदराने विचारतं, "कुठं असतात?" मेव्हणा सांगतो, "इथंच. नागपूरले." मग सगळे पुन्हा प्लायवूडकडे वळतात.

या नोकरीआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या कापणं हे माझं काम. 'परिसरात आनंदाचे वातावरण पसरले' असं वाक्य आलं की मी विचारायचो, कुणी पाहिलं? वातावरण पसरताना तू तिथे होतास का? नवे वार्ताहर मला टाळून दुसऱ्या टेबलावर बातमी द्यायचे. पुढे वर्तमानपत्राची पानं कमी झाली, डेस्कवरच्या खुर्च्या कमी झाल्या आणि मी या अंध मुलांच्या शाळेत आलो. इथे परदेशी संस्थांना पत्रं लिहायची, अहवाल पाठवायचे आणि मदत चालू ठेवायची. पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत लिहिलेलं एक वाक्य मला पाठ आहे: 'मुलांच्या चेहऱ्यांवर आशेचा प्रकाश पसरला आहे.' ते कापायला डेस्कवर कुणी नव्हतं.

शाळेच्या टोकाला एक छोटा वर्ग आहे. ज्या मुलांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांचा. तिथली एक मुलगी काटोलची. वय नऊ. शाळेच्या वसतिगृहात राहते. शाळेत येण्याआधी ती दिवसभर घराच्या पुढच्या खोलीत बाजेवर बसून असायची. भूक लागली की ओरडायची, पोट भरलं की डुलायची. तिच्यासाठी शाळेत स्वतंत्र शिक्षिका आहे, कारण अशा मुलीला शिकवायचं म्हणजे तिचा हात आपल्या हातात लागतो आणि एका वेळी एवढंच जमतं. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. मॅडम नागपूरच्या. मोठ्या पदव्या घेतल्या, पण बोलणं घरचंच ठेवलं.

वर्गाच्या रीती मला मॅडमनी पहिल्या आठवड्यात सांगितल्या होत्या. भिंतीशी लाकडी कप्प्यांची एक मांडणी असते. प्रत्येक कप्प्यात एक वस्तू. चमचा म्हणजे जेवण. टॉवेलचा तुकडा म्हणजे हातपाय धुणं. दोरीचा तुकडा म्हणजे झोपाळा. मुलगी कप्पे चाचपत जाते आणि आता काय आहे, पुढे काय आहे हे तिला कळतं. एखादी गोष्ट संपली की तिची वस्तू शेजारच्या बादलीत टाकायची. बादलीत पडलं म्हणजे झालं. ज्या मुलीला घड्याळ, घंटा, हाक यातलं काहीच नाही, तिचा दिवस त्या कप्प्यांत असतो.

दुसरी रीत माणसांची. मुलीजवळ येणाऱ्या प्रत्येकाने आधी आपली खूण तिच्या हाताला लावायची. मॅडमची खूण म्हणजे मनगटातलं जाड पितळी कडं. सकाळी आल्या की त्या तिचा हात कड्यावर ठेवतात. वडिलांना वेगळी खूण लागत नाही. ते काटोलच्या संत्रा बाजारात पेट्या भरतात, त्यांचे तळवे तिला पुरतात.

"तुमची खूण काय, सर?" मॅडमनी तेव्हाच विचारलं होतं.

मी विचार करून सांगितलं, "फाउंटन पेन."

"पेन राहते खिशात. तिच्या हाताले काय सापडन?"

"ठरवून सांगतो."

तीन वर्षं मी ठरवत होतो. त्या काळात मी या मुलीबद्दल बऱ्याच देशांना लिहिलं. ती माझ्या अहवालांची नायिका होती. मी मात्र तिच्या दिवसात कुठेच नव्हतो. मॅडम हे कधीमधी ऐकवायच्या. "सर, तुम्ही तिले ओळखता. पण तिच्या हिशेबानं तुम्ही जन्मालेच नाई आले अजून."

या वर्षी गोष्ट अडली ती अशी. मॅडमचं पद परदेशातल्या ज्या संस्थेच्या मदतीवर चालतं, तिची मुदत मार्चअखेर संपत होती. मदत पुढे मिळाली नाही तर मॅडम जाणार, आणि मॅडम गेल्या तर मुलगी काटोलला, पुन्हा त्या बाजेवर. यात अतिशयोक्ती नाही. शाळेकडे दुसरा मार्ग नव्हता.

वडील शनिवारी एसटीने यायचे. फाटकाशी गाठ पडली की एकच प्रश्न.

"मॅडम राहतीन ना, साहेब?"

"प्रयत्न चालू आहेत."

"थे तर बरोबर हाय. पण राहतीन ना?"

डेस्कवर असतो तर 'प्रयत्न चालू आहेत' मी पहिल्या फटक्यात कापलं असतं. त्यात कर्ता नाही, काळ नाही, माहिती नाही. काटोलच्या बाजारात पेट्या भरणाऱ्या माणसाने ते तेवढ्याच वेळात ओळखलं होतं. मी घड्याळ बघून आत जायचो.

त्या परदेशी संस्थेत नुकत्याच एक नव्या बाई आल्या होत्या. शिफारस त्याच करणार होत्या. मी त्यांना अहवाल पाठवला आणि सोबत फोटोंचं मोठं गाठोडं. उत्तर आलं: 'फोटो मिळाले. त्यांत काय आहे?'

मी अनुभवाने निष्कर्ष काढला. फोटो अस्पष्ट गेले असणार. तेच फोटो मी मोठ्या आकारात पुन्हा पाठवले. उत्तर आलं: 'फाइल मोठी झाली आहे. प्रश्न तोच आहे.'

"नवीन बाई खडूस आहेत," मी मॅडमना सांगितलं.

"असतीन. पण तिनं विचारलं काय, अन् तुम्ही देऊन काय राहिले?"

"फोटो."

"फोटोत काय हाय म्हणून विचारलं, तर तुम्ही पुन्हा फोटोच धाडले?"

"यावेळी मोठे."

मॅडमनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्या वर्गातल्या कुठल्याही मुलाकडे बघत नाहीत.

मग बाईंचा निरोप आला. व्हिडिओ कॉल करू. दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी. 'मला कार्यक्रम नको. त्या मुलीची एक साधी दुपार हवी. त्यानंतर मी शिफारशीचं ठरवेन.' मी हे वाचून हसलो. डेस्कच्या काळात 'सत्कार नको' म्हणणारे पाहुणे मी बरेच पाहिले होते. हार कुणाच्या हातात आहे हे त्यांना नेमकं माहीत असायचं. साधी दुपार म्हणजे नीट तयार केलेली साधी दुपार, असा अर्थ मी लावला.

मेट्रोने सीताबर्डीला गेलो. नवा टॉवेल घेतला. झोपाळ्याच्या दोरीसाठी नायलॉनची दोरी घेतली, केशरी रंगाची, कॅमेऱ्यात उठून दिसेल अशी. शाळेच्या नावाचा फ्लेक्स छापायला टाकला. शेवटी व्हरायटी चौकाजवळच्या एका ठेल्यावर गोल दिवा मागितला. मोबाईलवर स्वतःचे व्हिडिओ काढणारी पोरं वापरतात तो.

"चॅनल काढून राहिले का काका?" ठेलेवाला म्हणाला.

"नाही. शाळेसाठी पाहिजे."

"कोणती शाळा?"

"अंध मुलांची."

त्याने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. "घ्या," म्हणाला आणि पिशवीत भरला.

कॉलच्या दिवशी मॅडम मुलीला घेऊन जेवायला गेल्या, तेव्हा मी वर्गात शिरलो. खिडकीखालची मांडणी मागून येणाऱ्या उजेडात काळी दिसत होती. मी ती ओढत समोरच्या भिंतीला लावली. कप्प्यांतला काळा पडलेला दोरीचा तुकडा आणि विरलेला टॉवेल एका कापडी पिशवीत कोंबून माझ्या खोलीत ठेवला. जागी नव्या वस्तू. मांडणीच्या वर फ्लेक्स. समोर लॅपटॉप, त्याच्या मागे गोल दिवा. बादली उरली. रंगाची जुनी निळी बादली, काठ चेपलेला. फ्रेममध्ये बरी दिसणार नाही म्हणून ती मी होती तिथेच, खिडकीखाली, राहू दिली.

मुलगी आत येईल तेव्हा कॉल चालू असावा, अशी वेळ मी साधली होती. 'थेट' वाटलं पाहिजे. कॉल लागला. बाई पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, कॅमेऱ्यापासून थोड्या बाजूला बघणाऱ्या. कॅमेरा नीट लावता येत नाही अजून, असं मी मनात म्हणालो. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देतो.

मुलगी दारातून आली. डावा हात भिंतीवर. दार, कपाट, खिडकी, मग मांडणी, असा तिचा रस्ता ठरलेला. मॅडम तिच्या मागे, जेवणाचा डबा हातात.

"जसं तुम्ही बघता आहात," मी पडद्याला सांगितलं, "मुलगी आत्मविश्वासाने वर्गात आली आहे."

मुलीचा हात खिडकीखाली आला. तिथे नुसती भिंत होती. हात वर गेला, खाली गेला, पुन्हा वर गेला. मग तिने कपाळ भिंतीला टेकवलं आणि उभी राहिली.

"मांडणी कुठं गेली?" मॅडम.

"समोर आहे," मी ओठ न हलवता म्हणालो.

"काहून?"

"उजेड."

"कोणता उजेड? तिले उजेड कायले पायजे?"

पडद्यावरून बाईंनी विचारलं, "तिकडे कुणीतरी काहीतरी विचारलं. काय विचारलं?"

"शिक्षिका प्रकाशयोजनेबद्दल बोलत आहेत."

"मला तिचा उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "मी जन्मापासून अंध आहे. तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालले होते. आमच्या संकेतस्थळावर माझ्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलं आहे."

अंध मुलांच्या शाळेतर्फे मी एका अंध बाईंना आधी गाठोडंभर फोटो पाठवले होते. त्यांनी त्यांत काय आहे असं विचारलं तेव्हा तेच फोटो मोठे करून पाठवले होते. आता त्यांच्यासाठी मी दिवा लावून बसलो होतो. डेस्कवर ज्याच्या नावाची बातमी आहे त्याची माहिती तपासली नाही म्हणून मी पोरांना रडवलं होतं. ठेलेवाल्याला जे एका नजरेत कळलं, ते मला कळायला आंतरराष्ट्रीय कॉल लागला. मी हात लांब करून दिवा बंद केला.

"तर सांगा," बाई म्हणाल्या. "मुलगी काय करते आहे?"

"मुलगी आनंदात आहे."

"खोटं कायले सांगता?" मॅडम मागून म्हणाल्या.

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी खोटं सांगतो आहे."

"सांगताय का?"

"हो."

"बरं. मग आता खरं सांगा."

बऱ्याच वर्षांनी मी बातमी द्यायला लागलो. मुलगी भिंतीशी उभी आहे. तिथे तिच्या दिवसाचे कप्पे असायचे. ते हलवले आहेत. "कुणी हलवले?" बाईंनी विचारलं. मी हलवले, म्हणालो. "का?" तुम्हाला चांगलं दिसावं म्हणून. "पुढे," बाई म्हणाल्या.

मॅडमनी डबा खाली ठेवला, मुलीचा हात कड्यावर ठेवून घेतला आणि तिला समोरच्या भिंतीशी आणलं. मी सांगत होतो. ती मांडणी चाचपते आहे. लाकूड ओळखीचं आहे. कप्प्यात हात घातला. दोरी नवी आहे. तिने ती गालाला लावली. वास घेतला. सोडून दिली. टॉवेलला किमतीची चिठ्ठी आहे. ती चिठ्ठीवरून बोट फिरवते आहे. टॉवेलही सोडला.

मग ती वळली आणि हात पुढे करून चालू लागली. वाटेत मी होतो. माझ्या शर्टाला हात लागला. ती थांबली. तिने हाताने बाही बघितली, मनगट बघितलं, बोटं बघितली. ओळखीचं काहीच नाही.

"कोणाचा हात आहे हा, तिले कळून नाई राहिलं," मॅडम म्हणाल्या. "हलू नका आता."

मी हललो नाही. तिच्या हाताला माझ्या गळ्यातली ओळखपत्राची फीत लागली. तिने ती ओढली. फीत गळ्यात असल्यामुळे मी वाकलो. आंतरराष्ट्रीय निधी संकलन प्रमुख नऊ वर्षांच्या मुलीपुढे कमरेत वाकला आणि हे त्याला स्वतःच्या तोंडाने परदेशात सांगावं लागलं. तिने फीत माझ्या डोक्यावरून काढली. कार्ड दोन्ही बाजूंनी चाचपलं. एक कोपरा चावून बघितला. मग भिंतीला हात लावत, मॅडमचा हात न धरता, ती खिडकीकडे परत गेली. वाकली. साऱ्या वर्गात आपल्या जागी राहिलेली एकच वस्तू तिला सापडली.

टक.

"हा आवाज कसला?"

"तिने माझं ओळखपत्र बादलीत टाकलं." मी बादलीचा अर्थ सांगितला.

"म्हणजे तुम्ही झालात."

"तसं दिसतंय."

बाई हसल्या, मोठ्याने. मला वाटलं मॅडमही हसत असतील, बघतो तर त्या हसत नव्हत्या. कड्याचा हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या.

"काय झालं?"

"आपल्या मनानं तिनं आजवर काहीच टाकलं नाई त्याच्यात. तीन वर्सं मी हात धरून टाकवून राहिली. नको म्हणायले तिच्याजवळ ओरडणंच होतं. आज ओरडली नाई ती. पाहिलं ना तुम्ही? ओरडली नाई."

मी ते शब्दशः भाषांतरित केलं. बाईंचं हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगा. ती दारातून आली तिथपासून. सावकाश. विशेषणं गाळून."

हे वाक्य मी किती वार्ताहरांना ऐकवलं असेल. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अडलो की मॅडमना विचारत होतो, आणि बरेचदा अडलो. तिचा कुठला हात पुढे होता, भिंतीला कपाळ का टेकते, कार्ड का चावते. मी तीन वर्षं जिच्यावर लिहीत होतो तिच्याबद्दल मला येत असलेली उत्तरं फारच थोडी होती.

मध्येच मॅडम म्हणाल्या, "सर, तिचा दोर कुठं ठेवला?" मी पळत जाऊन पिशवी आणली. मुलीने पिशवीत हात घातला, काळा तुकडा ओढून काढला आणि सरळ दाराकडे निघाली. अंगणातल्या झोपाळ्याची कडी करकरायला लागली. "आणि हा आवाज?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. झोपाळा थांबेपर्यंत त्या कॉलवर होत्या. त्यांनी मला बोलायला सांगितलं नाही.

मग काही आठवडे काहीच आलं नाही. या काळात मी फ्लेक्सचा उपयोग ब्रेल कागद झाकायला केला आणि मांडणी जागेवर आहे ना हे रोज जाऊन बघितलं. गोल दिवा मेव्हण्याने दुकानासाठी नेला. त्याचं प्लायवूड आता उजळ दिसतं. दोन शनिवार मी फाटकाकडे गेलोच नाही. तिसऱ्या शनिवारी उत्तर आलेलं होतं. मदत चालू राहील, शिक्षिकेचं पद कायम. खाली दोन ओळी: 'पुढच्या अहवालात फोटो नकोत. आणि ते ओळखपत्र बादलीतून काढलंत का?'

मी फाटकावर गेलो. वडील पायरीवर बसले होते, मृग बहाराच्या संत्र्यांची पिशवी शेजारी.

"मॅडम राहतीन ना, साहेब?"

"राहतील."

त्यांना माझ्या उत्तराची सवय होती, त्यामुळे त्यांनी पुढचा प्रश्नही विचारून टाकला. "थे तर बरोबर हाय. पण राहतीन ना?"

"राहतील म्हणजे राहतील. पत्र आलं."

त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. अर्धं हातात ठेवून तसेच बसून राहिले. मुलगी मॅडमसोबत आली. तिने त्यांचा तळवा हुंगला आणि त्यातली फोड काढून तोंडात घातली.

"काय वं माय," ते तिला म्हणाले. तिला ऐकू येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. "नाई जा लागत आता घरी. खाय."

तिला काही ठाऊक नव्हतं. मार्च, मुदत, शिफारस, यातलं काही तिच्या कप्प्यांत नव्हतं. तिने दुसरी फोड मागितली.

माझी खूण मॅडमनी ठरवून टाकली. ओळखपत्र. मला विचारलं नाही. आता मी दुपारी वर्गात जातो, दाराशी उभा राहतो. मुलगी येते, फीत शोधते, मी वाकतो. ती कार्ड काढून घेते आणि खिडकीकडे नेऊन बादलीत टाकते. माझं काम झालेलं असतं. अलीकडे ती टाकण्याआधी ते थोडा वेळ हातात धरून ठेवते. "ओळख व्हायले लागली," मॅडम म्हणतात. मी अहवालात एवढंच लिहिलं: कार्ड घेतलं, हातात धरलं, मग टाकलं. शाळेतून निघताना हजेरीच्या यंत्राला ते कार्ड लावावं लागतं, म्हणून घरी जाण्याआधी मी रोज वर्गात जाऊन त्या निळ्या बादलीत हात घालतो आणि चमचा, दोरी, टॉवेल यांच्या खालून स्वतःला शोधून काढतो.